अर्डिसचा भाता

अर्डिस टोरगर्सनशी वाद घालायचा नसतो, हे तिच्या बसमधली पोरं पहिल्या आठवड्यातच शिकतात. तिच्या नवऱ्याला, विल्मरला, ते अजून जमलेलं नाही.

अर्डिस आमची शेजारीण. शाळेची बस चालवते. शरद सुरू झाला की सकाळची फेरी संपवून, बस लावून घरी येते, झाडीत मिसळून जाणारे ठिपक्याठिपक्यांचे कपडे चढवते आणि धनुष्य घेऊन घरामागच्या टेकडीवर, ओकच्या झाडावरच्या मचाणात जाऊन बसते. हरणांच्या शिकारीचा बंदुकीचा मोसम वेगळा असतो; त्याचं तिला प्रेम नाही. "आवाज फार," म्हणते, "आणि बंदुकांपेक्षा पुरुषांचाच जास्त."

दोघं नवराबायको धनुष्यानंच शिकार करतात, आणि दोघांचं भांडण एकच. बाणांचा भाता धनुष्याला लावलेला ठेवून बाण सोडायचा, की मचाणावर चढल्यावर तो काढून झाडाला टांगायचा? विल्मर काढणाऱ्यांतला. अर्डिस लावून ठेवणाऱ्यांतली. त्यांच्याकडे जेवायला गेलं की बटाट्याचं भांडं ओव्हनमधून टेबलावर येईपर्यंत हा विषयही आलेला असतो.

"एका बाजूला चार बाण लटकवायचे आणि म्हणायचं नेम सरळ लागतो," विल्मर म्हणतो. "वारा आला की पिसांत भरतो. धनुष्य कलतं. सोडताना खुळखुळतं ते वेगळंच."

"तुझं डोकं खुळखुळतं," अर्डिस म्हणते. "दुसरा बाण लागला तर? हरणाला सांगू, थांब बाबा, झाडावरून काढून आणते?"

"पहिला नीट लागला तर दुसरा कशाला लागेल?"

"मटार दे इकडे."

गेल्या जानेवारीत अर्डिस बसच्या पायरीवरून बर्फात पडली. खांद्याचं ऑपरेशन झालं. उन्हाळ्यापर्यंत तिला केसही धड विंचरता येत नव्हते. विल्मरनं तिच्या वाढदिवसाला क्रॉसबो आणला. बंदुकीसारखा खांद्याला टेकवायचा, घोडा दाबायचा, ताणून धरायचं काम नाही. गुलाबी फीत वगैरे बांधून आणला होता. बिचाऱ्याचा हेतू चांगला होता.

अर्डिसनं फीत सोडली, नीट गुंडाळून खणात ठेवली, आणि क्रॉसबो गॅरेजच्या खिळ्याला टांगला. "माझ्या शवपेटीत ठेव," म्हणाली.

"अगं, तुझा हात थरथरतो. हरीण जखमी होऊन पळालं तर तूच महिनाभर जेवणार नाहीस."

हे खरं होतं, म्हणून ती जास्तच चिडली. "या मोसमात माझ्या धनुष्यानं एक हरीण स्वच्छ पाडते. नाही पडलं, तर पुढच्या वर्षी तुझं ते खेळणं घेऊन बसेन. झालं समाधान?"

विल्मरनं मान डोलावली. "पण भाता तरी काढ. तेवढंच वजन कमी."

"त्याचं नाव काढू नकोस."

दुकानात जाऊन तिनं धनुष्याचा ताण कमी करून घेतला आणि अंगणात फोमच्या हरणावर सराव सुरू केला. माझ्या सिंकसमोरची खिडकी नेमकी त्या अंगणाकडे. विल्मर घरी असला की अर्डिस भात्यासकट उभी राहायची. ताणायची, धरायची, आणि हळूहळू धनुष्य धरलेला दुखरा हात खाली यायचा. बाण हरणाच्या पोटात. विल्मर नुसता जाऊन बाण उपटून आणायचा, आणि ते बोलण्यापेक्षा वाईट.

ऑक्टोबर सरत आला. दोनदा हरणं टप्प्यात आली, पण हात स्थिर नाही म्हणून तिनं बाण सोडला नाही. त्या आठवड्यात एका दुपारी विल्मर कामाला, गोदामावर गेलेला होता. मी भांडी घासत होते. अर्डिस अंगणात आली, डावीउजवीकडे पाहिलं, आणि धनुष्याचा भाता खटकन काढून लाकडांच्या ढिगावर ठेवला.

बाण थेट हरणाच्या खांद्यामागे, जिथे लागायला हवा तिथे. दुसराही तिथेच. तिनं वर पाहिलं तेव्हा मी खिडकीतच होते, हातात कढई.

पाच मिनिटांत ती दारात. "काय पाहिलंस?"

"कढई."

"विल्मरला कळलं तर या वर्षी तुला सॉसेज नाही."

त्यांच्या घरच्या, हरणाच्या मांसाच्या सॉसेजसाठी मी याहून मोठ्या गोष्टी पोटात ठेवल्या असत्या.

नोव्हेंबरात एका शनिवारी, सकाळचं ऊन नुकतं झाडांत शिरत होतं, तेव्हा तिचा फोन आला. आवाज दबलेला. "मादी आहे. लागलाय. विल्मर फोन उचलत नाही, त्याला घेऊन ये, अर्ध्या तासानं. घाई नको." बाण लागल्यावर लगेच मागे धावायचं नसतं, हरणाला शांतपणे पडू द्यायचं असतं.

आम्ही पोचलो तेव्हा ती मचाणाखाली उभी होती, गाल लाल, धनुष्य हातात. पानांवरचे रक्ताचे थेंब आधी विरळ होते, मग दाट झाले. विल्मर पुढे, वाकून. आडव्या ओंडक्यापलीकडे तपकिरी पाठ दिसली तसा तो थांबला आणि मागे न बघता हात वर केला.

"जिवंत असेल तर लागेल. एक बाण लावून ठेव."

अर्डिस हलली नाही.

"अर्डिस. बाण."

त्यानं वळून पाहिलं. धनुष्य बोडकं. मी बुटाची नाडी बांधायला लागले; ती बांधलेलीच होती.

"भाता कुठे गेला?"

"पडला असेल."

विल्मरनं मागे, मचाणाकडे पाहिलं. उन्हात, खोडातल्या आकड्याला, उरलेल्या तिन्ही बाणांसकट भाता छान टांगलेला होता.

"खालून वर पडला का गं?"

अर्डिसनं फांदी उचलली, ओंडक्यापलीकडे गेली, लांबूनच मादीच्या डोळ्याला टोक लावून पाहिलं. पापणी हलली नाही. बाण अगदी खांद्यामागून आरपार गेला होता. मादी फार लांब गेलीच नव्हती. अर्डिस तिच्याशेजारी गुडघ्यावर बसली आणि मानेवरून हात फिरवला. ज्या हातानं केस विंचरता येत नव्हते तोच हात.

मग विल्मर म्हणाला, "स्वच्छ नेम. भाता काढून."

"हो ना," अर्डिस ताडकन उठली. "आणि उतरताना तिथेच राहिला! मादी जिवंत असती तर आत्ता काय केलं असतं आपण? बघ, म्हणून मी सांगते, भाता धनुष्यालाच हवा!"

विल्मरनं माझ्याकडे पाहिलं. मी सॉसेजचा विचार करत आभाळाकडे बघत होते.

"मी भाता घेऊन येतो," तो म्हणाला.

"आधी सुरक्षेचा पट्टा बांध, मग चढ," ती मागून ओरडली. "आणि घरी गेल्यावर तो क्रॉसबो तुझ्या भाच्याला देऊन टाक. फीत माझ्या खणात आहे."