अम्मांच्या लग्नगीतांची कॅसेट

काल बदलापूरच्या घरी बातम्यांत दूरच्या देशातलं युद्ध दाखवत होते. तिथे तळघरात बसून म्हाताऱ्या बायका गावाकडची गाणी रेकॉर्ड करत होत्या, घरं गेली तरी गाणी राहावीत म्हणून. मी टीव्ही बंद केला.

उल्हासनगर कॅम्प दोनमध्ये माझं कॅसेट भरून देण्याचं दुकान होतं. फाळणीत सिंध सोडून आलेल्या एक अम्मा तिथल्या लग्नगीतांची एकुलती एक कॅसेट कॉपी करायला देऊन गेल्या. तिच्यात त्या आणि त्यांची बहीण गात होत्या. बहीण नुकतीच वारली होती. "पुट, संभाल के," लेकाला सांगावं तसं म्हणाल्या. वर कुणी दुसरं काही भरू नये म्हणून कॅसेटची मागची खिट्टी त्यांनी आधीच तोडून घेतली होती.

त्या दुपारी कोऱ्या कॅसेट संपल्या आणि एक गिऱ्हाईक घाई करत होतं. तापलेल्या मशीनच्या वासात बसून मी अम्मांच्या कॅसेटच्या तुटलेल्या खिट्टीच्या जागी चिकटपट्टी लावली, वर ऑर्केस्ट्राची गाणी भरली आणि ती कॅसेट त्याला देऊन टाकली. हे चुकून झालं नाही.

अम्मांना सांगितलं, टेप मशीनमध्ये अडकून तुटली.

"मशीन का क्या भरोसा," त्यांनी उलट माझीच समजूत घातली. "चालू कर, फिर से गाती हूँ."

स्टुलावर बसून दोन ओळी गायल्या आणि थांबल्या. "इधर से बहन उठाती थी."

पुढचं त्यांना आठवेना. ती दोन ओळींची कॅसेट न्यायला त्या पुन्हा आल्या नाहीत. दुकान बंद केलं तेव्हा मी तीही भंगारात दिली.