पाटलाच्या कपाळावरची तीट

आता तुमच्यापासून काय लपवायचं, लहानपणी माझ्याइतकं देखणं पोर अख्ख्या कराडात नव्हतं. असं माझी आई सांगायची. बाकीच्या कराडनं याला कधी दुजोरा दिला नाही, आणि पुरावा म्हणून एकच फोटो होता, तो मीच फाडून टाकला. पण आईचा विश्वास दांडगा. रोज सकाळी काजळाचं बोट कपाळावर टेकवून भली थोरली तीट लावल्याशिवाय ती मला उंबऱ्याबाहेर सोडत नसे.

हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं जर्मनीत मी जो घोळ घातला त्याचं मूळ या काजळात आहे. चहा गार होऊ देऊ नका, सांगतो.

माझं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. शिक्षण सातवी, तीही दोन दमात. एका गिऱ्हाइकाची घंटी काढून दुसऱ्याच्या सायकलला लावायची आणि दोघं चौकात भांडताना बघायचं, ही माझी करमणूक. मुलगी मंजू मात्र कोणावर गेली कोण जाणे, हुशार निघाली. डार्मश्टाटला शिकायला गेली, तिथंच नोकरीला लागली आणि तिथल्याच मार्कुसशी लग्न करून मोकळी झाली. त्यामुळं मला जर्मन व्याही मिळाले. नाव डीटर. व्याही म्हटलं की चेष्टेचा हक्क आलाच. पण त्यांना मराठी येत नाही, मला जर्मन येत नाही, मधे मंजू, आणि ती माझ्या चेष्टा गाळून पुढं देते. चहा गाळावा तशी. चोथा सगळा माझ्याकडं.

मोबाइलला अजून बटणं होती तेव्हाची ही गोष्ट. आम्ही नवराबायको लेकीकडं राहायला गेलो होतो.

व्याहीबुवांना नाद एकच, बजी पाळायचा. बजी म्हणजे आपल्या बाजारात पिंजऱ्यात चिवचिवतात ते छोटे पोपट, ज्यांना आपण उगाच लव्हबर्ड म्हणतो. पण हे तसले नव्हेत. हे प्रदर्शनातले. डोकं लिंबाएवढं, कपाळावरची पिसं फुगून डोळ्यांवर आलेली, गळ्याखाली काळ्या ठिपक्यांची माळ, आणि दांडीवर बसणं असं की सोसायटीचा चेअरमन बसलाय. त्यातला एक हिरव्या अंगाचा, पिवळ्या तोंडाचा गडी मला फार आवडला. त्यांच्यात पक्ष्याला नाव नसतं, पायात कडी असते, तिच्यावर नंबर. मी त्याचं नाव पाटील ठेवलं. व्याहीबुवांनी 'पाटिल' असं दोनदा म्हणून बघितलं आणि मान हलवली. त्या माणसानं मान हलवली म्हणजे आपल्याकडचं पेढे वाटणं समजायचं.

त्याच आठवड्यात त्यांच्या क्लबचं प्रदर्शन होतं, आणि परीक्षक यायचा होता थेट ऑस्ट्रेलियाहून. काशीहून शास्त्री यावा तसे व्याहीबुवा जेवताना त्याच्याबद्दल बोलत होते.

"ऑस्ट्रेलियाचं काय एवढं?" मी विचारलं.

मग मंजूनं मला सगळं पुराण सांगितलं. बजी मुळात तिथला. माळावर थव्यानं फिरणारा, चिमणीएवढा. साहेबानं जहाजात घालून इंग्लंडला नेला, निवडून निवडून जोड्या लावल्या आणि हा एवढा केला. तेव्हा ऑस्ट्रेलियातले लोक म्हणाले, पक्षी आमचा आणि प्रदर्शनं यांची? त्यांनीही गावोगाव क्लब काढले. जितके क्लब तितके नियम, आणि नियमांहून भांडणं जास्त. शेवटी सगळी राज्यं एकत्र बसली, आदर्श बजी कसा असावा याचं एकच चित्र ठरवलं, आणि आता राज्याराज्यांच्या टीमा लढतात, आपल्या क्रिकेटसारख्या. मधे कित्येक वर्षं बाहेरून पक्षी आणायला बंदी होती. ती उठली तेव्हा त्यांनी इंग्लंडहून बजी मागवले, आणि त्यांना आधी सरकारी कोठडीत ठेवून, रोगराई नाही ना हे बघून मगच आत सोडलं.

"म्हणजे स्वतःच्याच माहेरी चौकशी," मी म्हणालो. "आपल्या मंजूसारखं. मुंबईला उतरली की कस्टमवाला हिच्याच बॅगा उचकटतो."

हे मंजूनं गाळलं.

त्यानंतर व्याहीबुवा बोलायला लागले ते बराच वेळ. आवाज हळू, हात छातीवर, एकदा तर चष्मा काढून पुसला. मी मंजूकडं बघितलं. तिच्या तोंडात बटाटा होता.

"ते म्हणतात, पाटलाचं कपाळ स्वच्छ आहे."

"एवढ्या बोलण्याचं एवढंच?"

"सविस्तर सांगते ना, घास तर गिळू द्या."

"माझंही स्वच्छच आहे म्हणावं," मी टकलावरून हात फिरवला. नेमकं हे मात्र तिनं न गाळता पोचवलं. सगळे हसले, व्याहीबुवाही जरासे. आणि सविस्तर राहून गेलं.

प्रदर्शन जवळच्या एका गावात, शाळेच्या कसरतीच्या हॉलमध्ये. दाण्यांचा आणि कॉफीचा वास. टेबलांवर ओळीनं पिंजरे, प्रत्येकावर नुसता नंबर. मालकाचं नाव कुठंही नाही, म्हणजे परीक्षकाला कळायला नको पक्षी कोणाचा. आपल्याकडं मुलगी बघायला येतात तेव्हा निदान आडनाव तरी सांगतात.

आता पाटलाला गाडीचा प्रवास मानवला नव्हता. तो पिंजऱ्याच्या तळाशी पिसं फुगवून बसलेला. दांडीवर चढायला तयार नाही. आणि दांडीवर न बसणाऱ्याला परीक्षक बघतसुद्धा नाही. व्याहीबुवांचा चेहरा उतरला. तेवढ्यात उवे आला. उवे म्हणजे व्याहीबुवांचा जुना प्रतिस्पर्धी. उंच, हडकुळा, दर वर्षी कप घरी नेणारा. तो पाटलासमोर उभा राहिला. बराच वेळ बघितलं. नुसता एक उसासा टाकला आणि गेला.

तुम्हीच सांगा, आपल्या लेकरावर असा मुका उसासा कोणी टाकला तर आपण स्वस्थ बसतो का?

व्याहीबुवांना नाव नोंदवायला जायचं होतं. पिंजऱ्यापाशी मला बसवून ते बोट दाखवून म्हणाले, "नुर शाउएन."

"नुसतं बघायचं, बाबा," मंजू म्हणाली.

"अहो, ऐकलंत ना?" आमची ही म्हणाली. "कशाला हात लावायचा नाही." आणि मायलेकी केक आणायला गेल्या. जाताना हिनं आपली पर्स माझ्या मांडीवर ठेवली. यात माझा काय दोष?

मी नजरबिजर मानत नाही. लोक मानतात म्हणून त्यांची चेष्टा करता येते, एवढाच माझा तिच्याशी संबंध. पण पाटील तळाशी बसलेला, उवेचा उसासा हवेत तसाच लोंबकळणारा, आणि मांडीवरच्या पर्समध्ये काजळाची डबी आहे हे मला ठाऊक. म्हटलं, मानण्या न मानण्याचा प्रश्न नाही. आईनं मला लावली, मी मंजूला लावली, दोघांचं बरं झालं. मंजूचं तरी झालं.

पिंजऱ्याचं दार उघडलं, काजळाचं बोट आत घातलं आणि पाटलाच्या पिवळ्याधमक कपाळावर मधोमध टेकवलं. पाटलानं त्या बोटाचा असा कडकडून चावा घेतला की माझ्या तोंडून आईचंच नाव निघालं. आणि मग काय आश्चर्य, स्वारी टुणकन उडी मारून दांडीवर. ताठ. छाती पुढं. डोळ्यांत आग.

परीक्षकाच्या मदतीला असलेली पांढऱ्या डगल्यातली बाई आली आणि पिंजरा उचलून घेऊन गेली. परत येणाऱ्या व्याहीबुवांनी लांबूनच बघितलं. पाटील दांडीवर.

"व्हॉट यू डू?" त्यांनी मला विचारलं.

"इंडियन सिस्टिम," मी म्हणालो.

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. लग्नातसुद्धा ठेवला नव्हता. मग शेजारच्या दोघातिघांना सांगून आले की माझ्या व्याह्यांकडं एक भारतीय पद्धत आहे. लोक वळून वळून माझ्याकडं बघायला लागले. मीही जरा पाटलासारखाच बसलो.

परीक्षकाचं नाव केन. उन्हात वाळवलेल्या आंब्याच्या साटासारखा चेहरा, अंगात पांढरा डगला, हातात बारीक छडी. छडीनं दांडीवर टिचकी मारायची, पक्षी कसा सावरतो ते बघायचं, समोरून बघायचं, बाजूनं बघायचं, पिंजरा पुढं नाहीतर मागं. शेवटी दोनच पिंजरे पुढं उरले. एकात उवेचा निळा, एकात आमचा पाटील. केननं पाटलाचा पिंजरा पहिल्या जागेकडं सरकवायला घेतला. व्याहीबुवांनी माझा हात घट्ट धरला. चावलेलंच बोट होतं, तरी मी ओरडलो नाही.

मग केन थांबला. खिशातून चष्मा काढला, वाकला, आणि काहीतरी पुटपुटला. व्याहीबुवांनी माझा हात सोडला.

"काय झालं गं?"

"कपाळावर काळा डाग आहे म्हणतात," मंजू म्हणाली.

मला हायसं वाटलं. म्हटलं, एवढंच ना? उभा राहिलो आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं इंग्रजीत सांगितलं, "सर, नो वरी. दॅट इज माइन."

हॉलमध्ये माणसं गप्प झाली. नंतर पक्षीसुद्धा.

मंजूनं माझी बाही ओढून मला खाली बसवलं. "बाबा, तुमच्या व्याह्यांच्या बजींच्या कपाळावर पिढ्यान्‌पिढ्या काळे डाग यायचे. प्रदर्शनात हा मोठा दोष. तो घालवण्यात त्यांची निम्मी हयात गेली. बिनडागाचा हा पहिला."

"मग हे मला आधी सांगायचं नाही?"

"त्या दिवशी तेच सांगत होते. तुम्ही टक्कल दाखवलंत."

तिकडं केननं रुमालाचं टोक ओलं करून डाग पुसून बघितला. आमच्या हिचं काजळ घरी केलेलं, तुपातलं. ते पुसलं जात नाही, पसरतं. एका ठिपक्याच्या दोन भुवया झाल्या. पाटील आता तमाशातल्या सरदारासारखा दिसायला लागला.

"रंग लावलाय," उवे उभा राहून म्हणाला. "बाद करा." रंग लावणं म्हणजे फसवणूक, आणि फसवणूक म्हणजे पक्षी बाद, मालकही क्लबातून बाद. व्याहीबुवा चष्मा काढून पुसत राहिले.

मला पुढं बोलावलं. केनचं आणि माझं इंग्रजीत झालं. मराठीत सांगतो, इंग्रजीत ते याहून आखूड होतं.

"रंग कशासाठी लावला?"

"तो जरा कमी सुंदर दिसावा म्हणून."

"कोणाला?"

"तुम्हाला."

केननं चष्मा काढला, परत घातला.

"मी त्याला बघू नये, असं म्हणणं आहे?"

"बघा की. पण फार आवडून घेऊ नका. कोणाला फार आवडलं की नजर लागते."

"मी विमानानं अर्धी पृथ्वी ओलांडून आलो ते नजर लावायलाच," तो म्हणाला.

मग त्यानं सगळ्यांना सांगितलं. त्याच्या बापाच्या काळात म्हणे पत्र्याच्या शेडमध्ये प्रदर्शनं भरायची, पिंजरे फळांच्या खोक्यांचे. तेव्हापासून लोकांनी काय काय केलं. चिमट्यानं पिसं उपटली, ठिपके कातरून सारखे केले, तोंडाला खडू फासला. म्हणून तर राज्याराज्यांनी बसून नियम केले. पण सगळी लबाडी पक्षी चांगला दिसावा म्हणून. वाईट दिसावा म्हणून मेहनत घेतलेला माणूस त्याला पहिल्यांदाच भेटत होता, आणि अशा माणसाविरुद्ध त्याला माहीत असलेल्या कुठल्याही देशात नियम नव्हता.

तेव्हा पाटील बाद नाही. व्याहीबुवाही नाहीत.

"पण," केन म्हणाला, "परीक्षकानं समोर जे बसलंय तेच बघायचं असतं." पाटलाचा पिंजरा त्यानं स्वतःच्या हातानं मागं सरकवला. कप उवेनं नेला. जाताना उवेनं माझ्याशी हात मिळवला, चांगला दोन्ही हातांनी.

घरी आल्यावर व्याहीबुवांनी पाटलाला कोमट पाण्यानं पुसलं, दाणे घातले, आणि आम्ही कॉफीला बसलो. आमच्या हिनं पर्स मांडीवर दोन्ही हातांनी धरलेली. शांतता मला सोसत नाही. मी म्हणालो, "मंजू, सांग त्यांना, कप गेला तर गेला, पण नजर तर लागली नाही? बघ कसा खातोय."

मंजूनं सांगितलं. व्याहीबुवांनी कपात साखर घातली, ढवळली. मग तिला काहीतरी विचारलं.

"ते विचारतात, तुमच्याकडं माणसांनाही लावतात का हे?"

"लावतात म्हणजे?" मला जरा धीर आला. "लहान मुलांना सगळ्यांनाच. मला तर माझी आई रोज लावायची. मोठ्ठी. एक दिवस चुकवला नाही."

मंजूनं यातलं काहीही गाळलं नाही.

व्याहीबुवांनी खुर्ची जरा मागं घेतली. मला समोरून बघितलं. मग वाकून बाजूनं बघितलं. चमचा उचलून टेबलाच्या कडेवर एक टिचकी मारली, आणि मी दचकून ताठ बसलो ते नीट बघून घेतलं.

मग मंजूकडं वळून त्यांनी एकच शब्द विचारला, आणि तो तिनं मला जसाच्या तसा दिला.

"कशासाठी?"