जुन्या मापावर कात्री नाही

पाथर्डीच्या बाजारपेठेत राधाकृष्ण टेलरचा एक हट्ट सगळ्यांना ठाऊक होता: जुन्या मापावर कात्री चालवायची नाही. दसऱ्यानंतर ऊसतोडीला गेलेला गडी उन्हाळ्यात परतला, की कमरेत दोन बोटं तरी उतरलेला असायचा. वहीतलं माप तेच, माणूस मात्र दुसराच.

१९९९ साली राधाकृष्णाच्याच पोटातल्या मुख्य रक्तवाहिनीला फुगा आला. फुटला तर खेळ खलास. हृदय अधू, त्यामुळे पोट उघडणं धोक्याचं. पुण्याच्या डॉक्टरांनी नवा उपाय सांगितला: जांघेतून कापडी नळी आत सरकवून फुग्याच्या आत बसवायची. नळी मापानुसार परदेशातून मागवायची.

राधाकृष्णाचे डोळे चमकले. "कापड कुठलं, साहेब?"

"पॉलिस्टर."

"आन् वर माया किती सोडलीय?"

बायको कडूबाईनं कपाळावर हात मारला. "अवो, दवाखाना हाय ह्यो, दुकान न्हाई!"

"शिवणीला धरायला जादा कापड लागतं, ते इचारतोय."

डॉक्टर खुर्ची ओढून बसले. "काका, खरी अडचण तिथंच आहे. फुग्याच्या वरच किडनीकडं जाणाऱ्या रक्तवाहिन्या निघतात. मधे पकड घ्यायला जेमतेम दीड सेंटिमीटर जागा. कापड वर गेलं तर किडनीची वाट बंद. डावी तर आधीच अरुंद झालीय."

"माप कधीचं?"

"दिवाळीचं."

"साहेब, आता होळी आली की!"

डॉक्टरांनी फाइलवरची तारीख पुन्हा पाहिली. पुन्हा माप म्हणजे पुन्हा औषध टोचून फोटो, आणि त्या औषधाचा भार किडनीवरच.

"डॉक्टरास्नी शिकवू नगा," कडूबाई पुटपुटली.

"शिकवीत न्हाई गं. माझ्याच आत जानार, म्हून इचारतोय."

शेवटी दिवसभर सलाईन लावून, अगदी थोड्या औषधात फोटो काढला. जागा आठ मिलिमीटरच उरली होती. ठरलेली नळी बसवली असती तर डावी किडनी गेलीच असती. डॉक्टरांनी दुसरी मागवली: वरचं टोक नुसत्या तारेच्या जाळीचं, रक्त जाऊ देणारं, कापड त्याच्या खाली सुरू. डाव्या अरुंद वाहिनीतही छोटी जाळी घालायचं ठरलं.

ऑपरेशननंतर कडूबाई खाटेला टांगलेल्या लघवीच्या पिशवीकडंच बघत बसली. पहिल्या दिवशी जेमतेम चार-पाच चमचे. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पिशवी निम्मी भरली, आणि तपासणीत दोन्ही किडन्यांकडं रक्त जाताना दिसलं. डॉक्टर हसतच सांगायला आले.

राधाकृष्णानं हात जोडले, मग हळूच विचारलं, "साहेब, कापड तारेला हातानं टाचलंय का मशिनीनं?"

कंपनीला विचारायला म्हणून डॉक्टरांनी तो प्रश्न चिठ्ठीवर लिहून घेतला.