माणशी दोन गॅलन

लातूर जिल्हा नवा झाला होता, आणि दुष्काळ होता. चाकूरजवळच्या एका गावात टँकरचं पाणी मोजून द्यायचं काम माझ्याकडं होतं. टँकर जुना, त्याचं माप गॅलनचं: माणशी दोन गॅलन, म्हणजे नऊ लिटर. गॅलनचे लिटर करताना मी अडकायचो. रांगेतली एक उंच, सावळी बाई मात्र घागरीवर बोट टेकवून सांगायची, "हितवर एक गॅलन, हितवर दोन." यादीत तिच्या नवऱ्याचं नाव होतं; तिचं मला कधी कळलंच नाही.

एकदा तिचा नंबर आला. मी म्हणालो, "पाच माणसं, दहा गॅलन."

"उद्यापासून आठच द्या साहेब. चारच हाव आता."

"पाचवं कुठं गेलं?"

"सासू वारली पहाटं."

माझी पेन्सिल जागीच थांबली. घरात मयत असताना ही बाई तासभर उन्हात उभी होती.

"अहो, सांगायचं ना! आधी दिलं असतं."

"तहान समद्यालाच हाय. तिचं आजचं दोन गॅलन तेवढं कापू नका. आंघोळ घालायची हाय."

शेवटची घागर मी काठोकाठ भरली. तिनं जास्तीचं पाणी मागच्या बाईच्या घागरीत ओतलं, आणि चालू लागली.