बोलत बोलत चालायचं

बाबांना चालायला सांगितलं आणि माझं डोकं चालेनासं झालं.

अमरावतीच्या दवाखान्यात त्यांच्या आतड्यातली कॅन्सरची गाठ काढली होती. मग केमो सुरू झाली. एकदा जाऊन आले की कितीतरी दिवस खाटेवरून उठत नसत. तरी तिथल्या व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "रोज चाला. थकवा आला म्हणून झोपून राहिलात तर थकवा वाढेल. अंगात ताकद राहिली नाही, तर पुढची केमो थांबवावी लागेल." किती जोरात चालायचं, असं मी विचारलं. "चालताना बोलता आलं पाहिजे, इतपतच. बोलता येईना झालं की हळू व्हायचं," त्या म्हणाल्या.

थकलेल्या माणसाला थकव्यावर उपाय म्हणून चालायला लावायचं, हे काही माझ्या पचनी पडेना. बाबांना मात्र हसू आलं. "अमरावतीले आलं का मानूस पैलवानच होते," म्हणाले. अमरावतीची व्यायामशाळा आमच्याकडे नावाजलेली.

भातकुलीजवळच्या आमच्या गावात बाबांचं शिवणकामाचं दुकान होतं. सगळे त्यांना मास्तर म्हणत. मी अकोल्याच्या शाळेतून रजा काढून त्यांच्यापाशी राहायला आले होते. गावात आम्ही पोटाचं ऑपरेशन झालं एवढंच सांगितलं होतं.

पहिल्या दिवशी बाबा शेतांकडच्या सपाट रस्त्यानं निघाले आणि लगेच परत आले. गाद्या भरणाऱ्या पिंजारीचाचांनी त्यांचा हात घट्ट धरला होता. "बेटी, मास्तरले एकटं नको सोडू," म्हणाले आणि चहा न घेताच गेले. दुसऱ्या दिवशी किराणा दुकानदारानं आणून सोडलं. तिसऱ्या दिवशी पारावरची दोन म्हातारी माणसं बाबांना मधे घेऊन आली, जणू नवरदेवच आणला.

शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या त्या वर्षांत गावाला ही सवयच लागली होती. हातात विळा नाही, डबा नाही, सोबत कोणी नाही, असा माणूस शेताच्या रस्त्याला लागला की बघणारा हातातलं काम टाकून उठायचा. असं करा म्हणून कोणी सांगितलेलं नव्हतं. बाबांचे जिवलग दोस्त, आमच्या शेजारचे काका, याच रस्त्यानं विहिरीकडे गेले ते परत आलेच नव्हते. तेव्हापासून हे सुरू झालं.

त्यात बाबा एकटेच बडबडत चालायचे. हे मला चाचांकडून कळलं. मी घरी येऊन बाबांना विचारलं.

"त्या बाईनं सांगतलं ना, बोलता आलं पाह्यजे म्हून," बाबा म्हणाले. "मंग बोलून पाहाव नाई लागत?"

मी खूप हसले. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर वाटलं, खरंच तेवढ्याचसाठी बोलत असतील का?

कोणावर चिडावं तेच कळेना. गाव बाबांना वाचवायला परत आणत होतं आणि त्यानंच त्यांचं चालणं बुडत होतं. व्यायाम आहे म्हणून सांगितलं तर कोणाला पटत नव्हतं. ऑपरेशन झालेला माणूस कुठं व्यायाम करतो? कॅन्सर आहे म्हणून सांगितलं, तर लोक आणखीच घट्ट धरून ठेवतील. आणि खरं सांगायचं तर, बाबा जगण्यासाठी चालतात की आणखी कशासाठी, हे माझं मलाही आता छातीठोकपणे सांगता येत नव्हतं. अंगानं ते रोज थोडे खंगत होते. पुढच्या केमोची तारीख जवळ आली होती.

एका संध्याकाळी ते मागच्या दारानं निघून गेले. मी चप्पल न घालताच धावले. विहिरीच्या वळणाअलीकडे ते दिसले. हळूहळू पावलं टाकत, हात हलवत बोलत होते. मी हाक मारणार होते, पण शब्द कानावर आले.

"तुहा सदरा शिवून ठेवला हाय. बटनं लावाची तेवढी राह्यली."

थोडा दम घेतला, मग पुन्हा सुरू झाले.

"सारं गाव मले रोज वापस आनून राह्यलं बे. त्या दिशी तू माह्या दुकानापुढून गेला. तुले काहून कोनी वापस नाई आनलं? मीनं काहून नाई आनलं?"

विहिरीचं वळण आलं. बाबा विहिरीकडे न बघता सरळ पुढं गेले, सपाट रस्त्यानं, डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं तसे.

मी धावत त्यांना गाठलं. त्यांनी वळून पाहिलं. कपाळावर घाम होता.

"तूबी आली का मले वापस न्याले?"

मी मान हलवून नाही म्हटलं आणि त्यांच्या बाजूनं चालू लागले.

"मंग बोल काही," बाबा म्हणाले. "बोलत बोलत चालाचं रायते."

मी तोंड उघडलं. एक शब्द फुटेना.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि आपली पावलं आवरली.

"मंग हळू चाल, माय," ते म्हणाले.