मी लिहिलेली आई

काशीच्या कँट स्टेशनवर गाडी हलली तरी आई खिडकीचा गज सोडेना. नाना मागून ओरडत होते, "अगं सोड, हात जाईल!" आणि ती आपली मला सांगतेय, "पुण्याला बोलताना हिंदी घुसवू नकोस हं, हसतील तुला." शेवटी सोडला तिने. खोटं कशाला सांगू, मला सुटल्यासारखं वाटलं. एक्क्याण्णव साल, मी तेवीस वर्षांची. मंगला गौरीच्या गल्लीतल्या त्या स्वयंपाकघरातून आपण कायमच्या निघालो, एवढंच डोक्यात होतं.

दादा, तू माझ्याआधी भिलाईला गेलास. गल्लीतली निम्मी मराठी मुलं अशीच पांगली. तुम्हा सगळ्यांना हे लिहितेय, कारण आईला लिहायचं तोंड मला उरलेलं नाही.

आमच्याकडे काय चालायचं ते तुम्हाला माहीत आहे. महाराष्ट्रातून यात्रेकरू यायचे, नाना त्यांची गंगापूजा, श्राद्धं सांगायचे, आणि सगळ्यांचं जेवण आमच्या घरी. आई सोवळं नेसून पहाटेपासून चुलीपुढे. पितृपक्षात तीस-तीस पानं उठायची. मला कॉलेज बुडवून भाज्या चिरायला बसवत. धुराने डोळे चुरचुरायचे आणि पोटात एकच भीती, की आईनंतर हा पाट माझा. दादा, तुला कुठली असायला ही भीती! तू पंगतीत वाढायला यायचास आणि भात संपायच्या आत घाटावर पसार.

पुण्यात छापखान्यात मुद्रितं तपासायची नोकरी मिळाली, बायकांच्या वसतिगृहात खोली मिळाली. मी भाजी फोडणीला घातली म्हणायच्या ऐवजी "भाजी छौंकली" म्हटलं की ऑफिसातल्या बायका फिदीफिदी हसायच्या. आईचं बरोबर होतं. तिसऱ्या वर्षी मी एक गोष्ट लिहिली आणि एका दिवाळी अंकाने ती चक्क छापली. काशीतली एक बाई, यात्रेकरूंसाठी रांधून रांधून झिजलेली. एकदा कढत आमटीने तिचा उजवा हात पोळतो आणि नवरा म्हणतो, पानं मांडली आहेत, डाव्या हाताने वाढ. लिहिताना मी रडत होते. मला वाटलं, जगाला सांगितलं बाई एकदाचं खरं काय ते.

आईचा हात पोळला होता, हे खरं. पण त्या दिवशी नानांनी तिला उठवून खोलीत निजवलं, स्वतः सोवळं नेसून चुलीपुढे बसले आणि तीस माणसांचा भात करपवला. यात्रेकरूंनी तो तसाच खाल्ला आणि आई आतून पोट धरून हसत होती. हे मी तिथे उभी राहून पाहिलंय. गोष्टीत ते नाही. विसरले म्हणून नव्हे, मला ते नको होतं. हसणारी आई घातली असती तर माझं पळून जाणं चुकीचं ठरलं असतं. भीती माझी होती आणि मी ती तिच्या तोंडावर फासली.

पुढचं दादाने मला कळवलं, तो तेव्हा सुट्टीवर घरी होता. बाकीच्यांनो, ऐका. नाशिककडच्या एका यात्रेकरू बाईंनी तो अंक बरोबर आणला होता. जेवणं झाल्यावर त्यांनी ती गोष्ट पंगतीला मोठ्याने वाचून दाखवली. आई दारात उभी राहून शेवटपर्यंत ऐकत होती. मग त्या बाई उठल्या, आईचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "अहो, या तुम्हीच ना? काय सोसलंत हो!" नाना चपला न घालता घाटावर निघून गेले.

त्यानंतर आईची पत्रं थांबली. मी सहा पाठवली, विनवण्या केल्या, एकाचंही उत्तर नाही. मे महिन्यात रजा काढून गेले. घरात एक आचारी रांधत होता. आई गच्चीत, नुसती बसलेली. जिच्या हातच्या पुरणपोळीसाठी जळगाव-साताऱ्याहून माणसं विचारत यायची, ती आई मे महिन्याच्या उन्हात रिकामी बसलेली.

"चूल का सोडलीस गं?"

"लोक पानाकडे बघत नाहीत आता, माझ्या हाताकडे बघतात." मग म्हणाली, "मला कोणी बिचारी म्हटलं नव्हतं आजवर. तू म्हणवलंस."

मी तिच्या पायांशी बसले. माफी मागितली, ढसाढसा रडले. म्हटलं, "आई, मी चुकले. आता तू सांग. तुला काय वाटायचं त्या घरात, तुझ्या तोंडून सांग मला."

तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मला वाटलं, मिळाली आई परत.

"सांगीन," ती म्हणाली. "लग्न होऊन आले तेव्हापासूनचं सगळं सांगीन. कोणाला बोलले नाही असं बरंच आहे. पण तू लिहिशील. लिहिणार नाही म्हण, की लगेच सांगते."

देवाशपथ, मी तोंड उघडलं होतं. "नाही" एवढा एकच शब्द म्हणायचा होता. पण तो शब्द माझ्या तोंडून निघेना. मग तिने वाळत घातलेले कपडे काढले आणि ती खाली गेली.

दादा, तू गेलास की ती अजून तुझ्याशी तासन् तास बोलते, तुझं घर आहे तिथे. मी गेले की विचारते, प्रवास कसा झाला, जेवलीस का, आणि गप्प होते. गच्चीवर न सांगितलेलं ते सगळं, माझ्यापासून लपवून ठेवायला तिच्याकडे आता एवढंच उरलंय. आणि बघ ना, गच्चीवर आम्ही दोघीच होतो, तिसरं कोणी नव्हतं. तिथलं ते बोलणंही मी लिहून टाकलं.