सासूच्या तिरडीपुढं नाचलेली बालमणी

सासूच्या तिरडीपुढं नाचणारी ती सून तुम्ही बघितलीत की नाही? खोटं बोलू नका. पदर कमरेला खोचलेला, अंबाडा सुटलेला, जीभ दातांत धरून पाय आपटतेय. मागं कुठल्याशा पिक्चरमधलं लग्नाचं गाणं चिकटवलेलं, आणि वर मोठ्या अक्षरांत, 'सासू मेली, सून सुटली'. तुम्ही हसलात नाहीतर भडकलात, खाली दोन ओळी खरडल्यात, आणि चार जणांना पाठवून जेवायला बसलात.

ती बालमणी. तेलुगू मुलखात, जनगावच्या अलीकडं आमचं गाव, तिथल्या सरकारी शाळेत चौदा वर्षं पोरांचा भात शिजवते. शिजवायची, म्हणजे. मी स्वयंपाकिणींच्या संघटनेत आहे, त्यामुळं तिची चूल मला माझ्या चुलीपेक्षा जास्त ठाऊक. तोंडानं फटकळ. हेडमास्तर वरण चाखायला आला की म्हणणार, "सर, चाखायला एक चमचा लागतो. हे तिसरं वाटप झालं." पण रांगेत उभ्या पोराचं तोंड बघून ते सकाळपासून उपाशी आहे की नाही, हे तिला कळायचं. अशा पोराच्या भाताखाली दुसरं अंडं लपलेलं असायचं. हिशेबात ते कसं बसवायची, हे मी विचारलं नाही, तुम्हीही विचारू नका.

तिची सासू कोमुरव्वा. दोघींचं पटायचं नाही, हे शंभर टक्के खरं. बावीस वर्षं भांडल्या. अंगणात जुंपली की शेजारी चहाचा पेला घेऊन कट्ट्यावर येऊन बसायचे. शेवटचं वर्ष म्हातारी अंथरुणाला खिळली. तिचं हगणंमुतणं बालमणीनं काढलं, शिव्या देत देत काढलं, आणि म्हातारीनंही शिव्या देत देतच काढू दिलं. एकदा माझ्यासमोर म्हातारी म्हणाली, "बाले, मी गेल्यावर रडलीस तर उठून मुस्कटात देईन. नाचायचं. आणि सायलूला सांग, डप्पू नीट शेकून आण. ओला वाजला तर मी जागची हलणार नाही."

"हलू नकोस अत्तम्मा," बालमणी म्हणाली. "नाहीतरी आयुष्यभर कुठं हललीस!"

आमच्याकडं पणतवंडं बघून गेलेल्या माणसाला कुणी रडून पाठवत नाही. गवताच्या जाळावर डप्पू, म्हणजे आमची हलगी, शेकतात, ताडी येते, आणि घरदार वाजत-नाचत मसणात जातं. सुनेनं अंग चोरलं तर लोक म्हणतात, बघा, जिवावर आलंय हिच्या. बालमणी कसली अंग चोरते! वेशीपासून मसणापर्यंत नाचली. सगळं गाव तिच्याबरोबर नाचलं. मीही नाचले.

चूक केली तिच्या नवऱ्यानं. ऐलय्यानं तो नाच फोनवर टिपला होता, त्यातला स्टेटसवर मावेल तेवढाच तुकडा कापला, 'अम्माला निरोप' असं लिहिलं आणि लावला. गरीब माणूस, आईला मान दिला असं त्याला वाटलं. कुणीतरी तो उचलला. चार दिवसांनी तोच तुकडा गाणं आणि मथळा चढवून गावात परत आला. आणि मसणाच्या वाटेवर जिनं बालमणीच्या खांद्याला खांदा लावून पाय आपटले होते, ती पारावरची राजव्वाच फोन डोळ्यांजवळ धरून म्हणाली, "अय्यो, कसली बाई ही!"

"तुझ्या शेजारी नाचत होती ती बाई, डोळे फुटले काय तुझे?" मी ओरडले.

"ते मला माहीत आहे गं अक्का," राजव्वा म्हणाली, "पण यात वेगळीच दिसते."

पालक समितीचा अध्यक्ष नरसय्या, फरशीचं दुकान आहे त्याचं. त्यानं अर्ज दिला की असल्या बाईच्या हातचं मुलांनी खाऊ नये. हेडमास्तरनं लोकांनी खाली लिहिलेलं सगळं छापून काढलं, एकोणीस पानं, आणि अर्जाला टाचलं. बालमणीच्या हातातला डाव काढून घेतला. चौकशी होईपर्यंत घरी बस.

ऐलय्यानं उपाय काढला. दुसरा व्हिडिओ करायचा, रडण्याचा. म्हातारीच्या हार घातलेल्या फोटोपुढं बायकोला बसवलं. "रड. अम्माचं काहीतरी आठव." बालमणीनं डोळे मिटले, आठवलं, आणि फस्सकन हसली. काय आठवलं विचारलं तर म्हणते, "पाहुण्यांसमोर म्हणाली होती, हिच्या सांबारात म्हैस डुंबवली तरी डाळ लागणार नाही अंगाला." तीनदा प्रयत्न केला, तीनदा म्हैस आडवी आली. ऐलय्यानं फोन खिशात घातला.

शाळेत बैठक झाली. नरसय्या छाती काढून म्हणाला, "आमच्या घरात असलं चालत नाही."

डप्पूवाला सायलू दाराशी उकिडवा बसला होता. गावातली सगळी मढी त्यानं वाजवलीत. तो हळूच म्हणाला, "नरसन्ना, तुझ्या बापूंच्या तिरडीपुढं नाचताना तुझी लुंगी सुटली होती, ती मीच उचलून दिली. निळ्या रेघांची."

शिपाईसुद्धा हसला. नरसय्याचे कान लाल झाले. "ते वेगळं होतं. ते दुःख होतं!"

"मग माझी काय हळद होती?" बालमणी म्हणाली.

त्या वेळी गावात कॅमेऱ्याचा फोन नव्हता, एवढ्यावरच नरसय्याची अब्रू टिकलेली. वाईट माणूस नाही तो. सायलूकडं वळून म्हणाला, "बापू खूश झाले असते तेव्हा, नाही का रे सायलू?" आणि अर्ज मागे घेतो म्हणून सही केली.

मी म्हटलं, झालं, दे डाव परत. तर हेडमास्तर म्हणतो, "अक्का, अर्ज मागे घेतला, पण एकोणीस पानं जिल्ह्याला गेलीत. ती कशी मागे घेऊ?"

मी जिल्ह्याला गेले. साहेब सभ्य होता, खुर्ची दिली. सायलूची साक्ष घ्या म्हटलं, तर म्हणाला, "बाई, एका डप्पूवाल्याचं ऐकून कसं चालेल? सोमवारी निर्णय घेताना लोकांचं मत पुन्हा एकदा बघू." आणि बोटानं फोन दाखवला.

बालमणी घरी आहे. शेजारणींच्या भाज्यांची झाकणं उघडून मीठ सांगत फिरते, गल्ली टेकीला आलीय. शाळेत नव्या बाईच्या भाताखाली नुसता भातच असतो.

त्या साहेबाचे लोक म्हणजे तुम्ही. तेव्हा फोन काढा. त्या नाचाखाली तुम्ही जे लिहिलंय, ते आपल्या सासूसमोर, नाहीतर सुनेसमोर, मोठ्यानं वाचा. जीभ अडखळली तर पुसून टाका. सोमवारच्या आत.